दादांच्या खुर्चीला लावलेली वाटी

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी निचिते सर ती उलटी करून बघायचे. आयटीआयच्या स्टाफरूममध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा समोर एक गृहस्थ खुर्ची दोन्ही हातांनी वर उचलून तिच्या पोटात डोकावत होते. मला वाटलं, सुतार असतील. मी विचारलं, "प्राचार्यांची केबिन कुठे आहे?" त्यांनी खुर्ची खाली ठेवली, तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "आधी बसा, ताई. ही बसण्यासारखी हाय. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसू नका, तिचा मागचा पाय कधी दगा देईल सांगता येत नाय."

ते फिटर ट्रेडचे निदेशक होते आणि मी शिवणकामाची नवी निदेशिका. मी मुरबाडहून एसटीने रोज शहापूरला यायचे. त्यांचं वर्कशॉप आणि माझा वर्ग यांच्यामध्ये फक्त एक व्हरांडा होता. पलीकडून दिवसभर लोखंडावर कानशी घासल्याचा आवाज यायचा आणि अलीकडून आमच्या मशिनींचा. पहिल्याच आठवड्यात माझ्या सहा मशिनी बंद पडलेल्या त्यांनी पाहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत आले, पेचकसाची मूठ कानाला लावली, टोक मशीनच्या अंगाला टेकवलं, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "चाक फिरवा. हळू." डॉक्टर छाती तपासतात तसं त्यांनी एकेक मशीन ऐकलं. चार मशिनी त्याच दिवशी चालू झाल्या. उरलेल्या दोन मशिनींबद्दल म्हणाले, "या म्हाताऱ्या झाल्यात. यांना जबरदस्ती नको."

उंची बेताची, अंग सडसडीत, हात मात्र त्या अंगाचे वाटायचे नाहीत इतके रुंद. कानामागे पेन्सिल. खिशात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी. फिटरच्या खिशात गुण्या असणारच. पण सर ती बोलण्यातही वापरायचे. कुणी कुणाबद्दल काही सांगायला आलं की म्हणायचे, "गुण्या लावून बघितलास का? मग वाकडं कशावरून?" वर्गातल्या पोरांना ते 'इंजिनियर' म्हणायचे. "ओ इंजिनियर, ती कानस हाय, लाटणं नाय." संडासामागे विडी-सिगारेट ओढताना कुणी सापडलं तर ओरडायचे नाहीत. लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा हातात द्यायचे आणि सहाही बाजू सपाट करून आण म्हणायचे. दोन दिवस हात सोलून निघायचे. स्वतः सुपारीसुद्धा खात नसत.

लग्न केलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं." जसं काही बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली.

त्यांच्या बोलण्यात सारखं एक माणूस यायचं, ते म्हणजे दादा. त्यांचे थोरले भाऊ. आईवडील लवकर गेले तेव्हा दादा चौथीत होते. शाळा सोडून पडेल ते काम करू लागले आणि मोठे झाल्यावर रेल्वेत गँगमन म्हणून लागले. कसाऱ्याच्या घाटात उन्हापावसात रूळ ठोकत चालायचं, हे त्यांनी उभा जन्म केलं. त्यावर धाकट्या भावाला शिकवलं, सापगावात भाताची थोडी जमीन राखली, घर बांधलं. "दादाने हातोडा मारला म्हणून माझ्या हातात कानस आली," सर म्हणायचे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कधीकधी मनात म्हणायचे, आता पुरे. आज त्याची शरम वाटते.

सर सापगावातच दादांच्या घरी राहत. घरात दादा, वहिनी, त्यांचा एकुलता मुलगा मंगेश आणि त्याची बायको. मंगेश भिवंडीकडच्या एका गोदामात सुपरवायझर होता. सकाळी अंधारात निघायचा, संध्याकाळी यायचा. काकावर त्याचा जीव होता. त्याला सायकल सरांनीच शिकवलेली.

दादा निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग पूर्ण गेलं. वाचाही गेली, पण सगळी नाही. दोन शब्द राहिले, 'बरं मग'. भूक लागली की बरं मग. राग आला की बरं मग. सर मला सांगत होते, "त्या दोन शब्दांत सगळं असतं, ताई. फक्त चाल वेगळी असते. आमाला समजते."

डॉक्टरांनी सांगितलं, विडी कायमची बंद. घरच्यांनी लगेच बंद केली. दादांनी आठवडाभर ऐकलं, मग जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. वहिनींनी घास पुढे केला की डाव्या हाताने ताट सारायचे. मंगेश आईला म्हणाला, "चार दिवस त्रास होईल, मग सवय मोडेल. तू मऊ पडशील म्हणून सांगतो, माझ्या गळ्याची शपथ घे. बाबांना विडी देणार नाहीस." वहिनींनी मुलाच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

हे मला कळलं ते वहिनींच्याच तोंडून.

दिवाळीनंतरचे दिवस होते, भात झोडायचे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक बाई व्हरांड्यात येऊन उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. सरांनी तिला पाहिलं आणि वर्कशॉपमध्ये पोरं होती म्हणून माझ्या वर्गात आणून बसवलं. "आमच्या वहिनी," म्हणाले. मी उठायला लागले तर वहिनींनीच माझा हात धरला. "बस गो बाय. बाईमाणूस हायस, तुज्यापासून काय लपवायचं."

भाकरी नुसतं निमित्त होतं. त्यांनी सांगितलं ते असं. जेवण सोडलेल्या नवऱ्याकडे त्यांच्याच्याने बघवलं नाही. मंगेश कामावर गेला की त्या रोज एक विडी द्यायला लागल्या. स्वतः शेजारी बसायच्या, विडी त्यांच्या ओठाला लावायच्या, राख तळहातावर झेलायच्या. मग एकाच्या तीन झाल्या, चार झाल्या. दादा जेवायला लागले. पण भात झोडायला आलं, म्हैस होती, दिवसभर बसायला त्यांना वेळ कुठला? त्या खळ्यावर गेल्या असताना दादांनी डाव्या हाताने विडी ओढली, डुलकी लागली, विडी मांडीवर पडली. उजवी मांडी. तिला काही कळतच नव्हतं.

"धोतर जळाल्याचा वास आला तवा धावले मी," वहिनी म्हणाल्या. "मांस भाजलेलं, भाऊजी, आनि ते माज्याकडे बघून हसतात. बरं मग म्हनतात. त्यांना ठावंच नाय आपन भाजलो ते." त्यांनी पदर तोंडाला लावला. जरा वेळाने म्हणाल्या, "ही दुसरी खेप हाय. घरात सांगितलं मीच तिथं राकेलची चिमनी लवंडवली. आता तिसऱ्यांदा काय सांगू? तुमी लोखंडाचं सगळं करता. कायतरी करा. आनि मंगेशला कळला नाय पायजे. पोराच्या गळ्याची शपथ मोडलीय मी."

सर माझ्या टेबलावरचा टेप घेऊन बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुमी इथे भाकरी द्यायला आला. मला काय सांगितलं नाय. जे करायचं ते मी माझ्या मनाने करतोय. आजपासून विडीपण मीच आणून देतोय. ध्यानात ठेवा."

"डॉक्टर..." मी मध्ये बोलले.

"डॉक्टरचं बरोबर हाय, ताई," ते म्हणाले. "पन त्या मानसाला आता स्वतःच्या हाताने करता येईल असं एवढं एकच उरलंय. जेवन आमी भरवतो. धुनं आमी धुतो. कूस आमी बदलतो."

पुढचे दहा-बारा दिवस सुट्टीच्या वेळात सर एकच काम करत होते. दादा दिवसभर ओटीवर हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. त्या खुर्चीच्या डाव्या हाताला धरून राहील अशी राखेची वाटी त्यांना बनवायची होती. पहिली केली ती पत्र्याची. खालून चिमटा, हाताने आवळायचा पेच. घरी नेऊन लावली तर प्लास्टिकला चीर गेली. मग चिमट्याला सायकलच्या ट्यूबचं रबर आतून चिकटवलं. दुसरी खोल झाली. दादांचं मनगट तेवढं उचलत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एक कागद आणून दाखवला. दादांची बोटं किती उघडतात, मनगट किती वळतं, डुलकी लागली की हात कुठे पडतो, सगळी मापं. भाऊ झोपलेला असताना कॅलिपर घेऊन त्याच्या बोटांमधलं अंतर मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिसरी वाटी जमली. दादांच्या बाजूला कललेली, तळाला वाळू, काठाला विडी ठेवायची खाच. खाच अशी की विडी जळत आली की आपोआप आत वाळूत पडावी, बाहेर नाही. आणि बाजूला काडेपेटी उभी बसेल असं घट्ट घर, म्हणजे एका हाताने काडी ओढता यावी. प्रत्येक धार कानशीने मारून गुळगुळीत केलेली. ती हातात घेऊन मी म्हणाले, "सर, ही विकायला ठेवली तर लोक रांग लावतील." त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि काठावरून अंगठा फिरवून बघितला.

मांडीवर टाकायला मी जाड जीनच्या कापडाचं दुपदरी पटकूर शिवून दिलं होतं, ते द्यायला म्हणून त्यांच्याबरोबर सापगावला गेले. दादांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सरांसारखेच रुंद हात, फक्त एक मांडीवर निपचित पडलेला. सरांनी खुर्चीपुढे उकिडवं बसून वाटी आवळली, हलवून बघितली, काडेपेटी घरात बसवली आणि बाजूला झाले. दादांनी वाटीकडे बघितलं, मग भावाकडे. डाव्या हाताने विडी ओठात धरली, काडी काढली, ओढली. विझली. वहिनी पुढे झाल्या. सरांनी हाताने थांबवलं. दुसरी काडी पेटली. दादांनी झुरका घेतला आणि विडी त्या खाचेत नेऊन ठेवली. ठेवून हात काढून घेतला. कुणी मदत केली नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बरं मग," ते म्हणाले. सर उठून परसात गेले ते आम्ही चहा पिऊन होईपर्यंत आले नाहीत.

संध्याकाळी मंगेशने वाटी पाहिली. तेव्हा मी तिथे नव्हते, काय झालं ते सरांनी दुसऱ्या दिवशी थोडक्यात सांगितलं. "विचारलं कुणी केलं. मी केलं म्हनालो." मंगेश वाटी काढायला गेला तर दादांनी ती डाव्या हाताने अशी घट्ट धरली की त्याला बापाशी झोंबावं लागलं असतं. त्याने सोडून दिली. पण त्या दिवसापासून तो काकाशी बोलेनासा झाला. एका घरात, एका पंगतीला बसून. सरांच्या डब्यातली भाकरी पहिल्यासारखीच असायची, तिला लागलेली सुकटीची चटणीही तीच. पण आता डबा उघडून ते जरा वेळ नुसते बघत बसायचे.

त्या वाटीचा बोलबाला झाला तो मात्र आमच्याच पोरांमुळे. टोकावड्याचा एक ढाबेवाला शोधत आला. रस्त्यावर त्याचा ढाबा, घाटाचा वारा. टेबलावरचे ॲशट्रे उडतात, गिऱ्हाईक थोटकं पायाखाली टाकतं. टेबलाच्या कडेला आवळून बसतील अशा वीस वाट्या त्याला हव्या होत्या. चांगला हसऱ्या तोंडाचा माणूस होता. सरांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

"का ओ सर? एकाला करता, मला का नाय?"

"ओढणाऱ्यांची सोय करायला नाय केली मी ती," सर म्हणाले. "माझा भाऊ भाजत होता."

दादा त्यानंतर पावणेदोन वर्षं जगले. पुन्हा एकदाही भाजले नाहीत. जेवायचे, ओटीवरून रस्त्याकडे बघायचे. मग एका थंडीत खोकला धरला, दम लागला, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत काही उरलेलं नाही. पाच दिवसांत गेले.

बाराव्याला आयटीआयमधले आम्ही चार-पाच जण सापगावला गेलो. मांडवात गाव जमलं होतं. सर डोकं उतरवून एका कोपऱ्यात बसलेले. पहिल्यांदाच खुर्ची उलटी न करता बसले होते. जेवणं उठत आली तशी कुणीतरी जुनं माणूस सहज म्हणालं, "लक्षुमनने जन्मभर रूळ ठोकले, पन शेवटाला सुखाने बसून विडी वढली, भावाने चांगली सोय केली." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मंगेश हातातली पत्रावळ टाकून उठला.

"सोय?" तो म्हणाला. "डॉक्टरने नाय म्हणून सांगितलं. माझ्या आईने माझ्या गळ्याची शपथ घेतली नि पाळली. याने काय केलं? याने लोखंडाची वाटी केली! रोज विड्या आणून दिल्या! काका, तुमी मारला माझ्या बापाला. दोन वर्षं एकेक विडी देऊन मारला."

वहिनी दारात बसल्या होत्या. नवं पांढरट लुगडं, मोकळं कपाळ. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. त्या उठायला लागल्या, हात उंबऱ्यावर टेकला. आणि मी सरांकडे बघितलं तर ते वहिनींकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली नाही, हात हलवला नाही, नुसते बघत राहिले. वहिनी परत खाली बसल्या.

सर उठले. मंगेशसमोर जाऊन उभे राहिले. "तुझं खरं हाय, बाळा," म्हणाले. एवढंच. घरात गेले, कपड्यांची एक पिशवी घेऊन बाहेर आले, दादांच्या फोटोला हात जोडले आणि आमच्याबरोबर चालत फाट्यापर्यंत आले. मला बोलायला हवं होतं. त्या मांडवात खरं ठाऊक असणारी मी तिसरी होते. मी बोलले नाही.

नोकरीची शेवटची तीन वर्षं सरांनी शहापुरात भाड्याच्या एका खोलीत काढली. वर्कशॉपमध्ये ते होते तसेच होते. इंजिनियर, गुण्या, कानस. पण कामाची वेळ संपली तरी जायचे नाहीत. शिपाई किल्ल्या वाजवायला लागला की उठायचे. गावाकडचं काही विचारलं तर म्हणायचे, "बरं चाललंय ऐकतो." एकदा मी चिडून म्हणाले, "सर, तुम्ही खरं सांगत का नाही? मी येते बरोबर." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी एखादं बरं चाललेलं मशीन खोलायला निघाले होते. "ताई, माझं घर गेलं तर मी खोली घेतली. वहिनींचं घर गेलं तर त्या कुठे जातील? एकच पोरगा हाय त्यांना."

मग मंगेशचा अपघात झाला. किन्हवलीच्या रस्त्याला त्याची मोटारसायकल घसरली, पाय दोन ठिकाणी मोडला. सरांना कळलं तेव्हा ते दवाखान्यात गेले, बाहेरच्या बाकावर बसून राहिले, ऑपरेशन नीट झाल्याचं नर्सकडून ऐकलं आणि परत आले. आत गेले नाहीत. पण वहिनींच्या मनाने वेगळंच घेतलं. पोराच्या गळ्याची शपथ मोडली, तिचं हे फळ. मंगेश घरी आल्यावर त्यांनी त्याच्या खाटेजवळ बसून सगळं सांगून टाकलं. विडी पहिल्यांदा मी दिली. वाटी करायला मी सांगितलं. काकांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं.

मंगेशने आईच्या हातचं जेवण सोडलं. बायकोने वाढलं तरच जेवायचा. आईशी बोलणं बंद. सुनेने कुणाकडून तरी सरांना निरोप धाडला की सासूबाई दिवसभर गोठ्यात बसून असतात, काय करावं कळत नाही.

सरांनी काय करायचं ठरवलं ते मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांना फार दिवस थांबावं लागलं नाही. पायाला जरा बळ आल्यावर मंगेशच काठी टेकत आयटीआयमध्ये आला. सर माझ्या वर्गात होते, एका मशीनचा पट्टा बसवत होते. तो दारातच उभा राहिला.

"काका, आई सांगते ते खरं हाय?"

सरांनी पट्टा सोडला नाही. "काय सांगते?"

त्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चिरकत होता. सर शेवटपर्यंत ऐकून हसले. खरंच हसले. "तुझी आई भोळी हाय रे. मला घरात परत घ्यावं म्हणून तिने स्वतःवर घेतलं. तिने विडीला हात लावला नाय. मला दादाचं बघवलं नाय, मी केलं. तिने तर मला दहादा नको म्हणून सांगितलं."

मंगेश माझ्याकडे वळला. "मॅडम, आई म्हणते तुमी होतात. तुमच्यासमोर ती बोलली. तुमी सांगा."

सर मान खाली घालून पट्ट्याचं टोक छिद्रात घालत होते. त्या रुंद बोटांना ते जमत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी जमलं नाही असं झालं नव्हतं.

"तुमची आई आली होती," मी म्हणाले. "सरांना भाकरी द्यायला. माझ्याशी इकडचं तिकडचं बोलली आणि गेली. विडीचं काही बोलणं झालं नाही."

मंगेशच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. त्याला त्याची आई परत मिळाली होती. तो भिंतीला टेकला, डोळे पुसले. मग काकाकडे बघून म्हणाला, "म्हणजे तुमीच. आणि वरून माझ्या आईला हे असं बोलायची पाळी आणलीत." काठी टेकत गेला.

वर्गात मुली यायला लागल्या तेव्हा सर उठले. दारात थांबून म्हणाले, "ताई, तुमच्यावर खोटं बोलायची वेळ आणली. माफ करा."

मी तेव्हा 'असू दे' म्हणाले. आजही मला ठरवता येत नाही की मी बरोबर केलं की चूक. त्या रात्री मंगेश आईच्या हातचं जेवला, हे सुनेकडून कळलं. सापगावचं घर एक झालं, ते सरांना कायमचं बाहेर ठेवून.

निवृत्तीनंतर सर त्याच खोलीत राहिले. कुणाचा पंप, कुणाची शिलाई मशीन, कुणाचं फाटक दुरुस्त करत. मुरबाडजवळ बदली झाल्यावर माझं शहापूरला जाणं कमी झालं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांच्या जाण्याची बातमी मोबाईलवर, आमच्या जुन्या ग्रुपवर आली. सकाळी दुधवाल्याने दार ठोठावलं, उघडलं नाही. झोपेतच गेले. अग्नी मंगेशने दिला. घाटावर लोक म्हणत होते, एवढं होऊनही पुतण्याने कर्तव्य केलं, मोठ्या मनाचा पोरगा. मी ऐकत उभी राहिले. वहिनी आल्या नव्हत्या. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, पण मी गेले होते. सात महिन्यांनी वहिनीही गेल्या. आता खऱ्याने कुणाचं घर मोडणार नाही, म्हणून हे लिहिते आहे. मंगेशच्या वाचनात आलं तर येवो. त्याला आता मुलगी आहे, शाळेत जाते.

सरांना मी शेवटचं भेटले ते त्यांच्या जाण्याच्या आधीच्या हिवाळ्यात. मी मुरबाडहून शहापूरला निघाले होते. सापगावला गाडी थांबली तर खिडकीतून सर दिसले. गावात कुणाचं तरी मळणीयंत्र अडलं होतं, ते दुरुस्त करून परत निघालेले. खांद्याला हत्यारांची पिशवी, शर्टाला भुसा. कंडक्टर पार्सल उतरवून घेत होता म्हणून गाडी जरा थांबून होती. इतक्यात समोरून एक मोटारसायकल आली. मंगेश. पुढे टाकीवर लहानगी, मागे वहिनी, एक हात मुलाच्या खांद्यावर. सरांनी त्यांना लांबूनच पाहिलं असणार, कारण ते पटकन वळले आणि थांब्याच्या भिंतीवरचं कसलंसं फाटकं पोस्टर वाचायला लागले. अगदी जवळ जाऊन, चष्मा वर करून. त्या पोस्टरवर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला खिडकीतून दिसत होतं. वहिनींनी ती पाठ ओळखली. त्यांचा हात खांद्यावरून सुटला, जरासा वर आला आणि परत खांद्यावर गेला. मोटारसायकल पुढे निघून गेली.

सर गाडीत चढले. मला बघून हसले, शेजारी बसले. अंगाला ग्रीस आणि भाताच्या तुसाचा वास येत होता. मी म्हणाले, "वहिनी होत्या."

"हां," ते म्हणाले. "अंगाने जरा भरल्यात. बरं वाटलं."

गाडी भातसेच्या पुलावर आली. ते खाली पाण्याकडे बघत होते. पूल संपल्यावर म्हणाले, "मंगेश आता गाडी हळू चालवतो. बघितलं ना तुमी?"

मी हो म्हणाले. शहापूरच्या स्टँडवर ते आधी उतरले, माझी पिशवी खाली घेऊन दिली, हात जोडले आणि रिक्षांच्या मधून वाट काढत निघाले. एक रिक्षावाला त्यांना काही विचारत होता, बहुतेक कुठे सोडू म्हणून. त्यांनी चालताचालता मान हलवून नको म्हटलं.